बोरी अरबला गेलेला दोन तोंडांचा चार्जर

प्रवासाला निघताना माणसं तिकिटं बघतात, हवा बघतात, औषधांची पिशवी भरतात. आमच्या ह्यांनी चार्जर बघितला. तोही असा, की त्या दिवसांत कोणी घरी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, या घरात जावई शोधणं चालू आहे.

निमित्त प्रणालीच्या लग्नाचं. प्रणाली आमच्या नाशिकच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. एका दवाखान्यात नर्स होती. गाव बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. आली तेव्हा भाडेकरू होती, वर्षभरात घरातलीच झाली. पोरीत खोड म्हणून एकच, आवाज. ती वर फोनवर बोलायला लागली की खाली पोळ्या लाटता लाटता मला कळायचं, बोरीत आज तुरीला फुलोरा आला आणि म्हैस कोणाच्या वावरात शिरली. मी जन्मभर बालवाडी शिकवली आहे. ‘हळू बोल’ हे शब्द माझ्या तोंडून शिंक यावी तसे येतात. रोज जिन्याखाली उभी राहून मी ते म्हणायची आणि प्रणाली हसून सांगायची, “काकू, आमच्या घरी हळू बोल्लं तं पोचतच नाई.”

लग्नाची पत्रिका आली आणि ह्यांनी जाहीर केलं की विदर्भात एप्रिलमध्ये जायचं तर तयारीनं जायचं. तयारी म्हणजे टोपी नाही, कांदा नाही, चार्जर. दोघांचे दोन फोन, दोन चार्जर, आणि हॉटेल असो की आगगाडी, सॉकेट नेहमी एकच. म्हणून दोन तोंडांचा एक चार्जर हवा.

इथंपर्यंत मी त्यांच्याशी सहमत होते. पुढं मतभेद सुरू झाले. माझं म्हणणं, आता सगळ्या वायरी नव्या बारीक गोल तोंडाच्या येतात, तेव्हा दोन्ही तोंडं नवी घ्यावीत. ह्यांचं म्हणणं, एक नवं आणि एक जुनं, चपटं. कारण घरात चपट्या टोकाच्या वायरींचं एक खोकं भरलेलं आहे आणि ह्यांनी आजवर एकही वायर फेकलेली नाही. “त्यांनी जायचं कुठं?” असं ते म्हणाले. वायरींबद्दल इतक्या मायेनं बोलणारा माणूस माझ्या भावाच्या मुंजीत झोपला होता.

मग नाशिकच्या शालिमार बाजारातली दुकानं पालथी घालून झाली. चार्जर जड नको, कारण जुन्या सैल सॉकेटातून जड चार्जर स्वतःच्याच वजनानं गळून पडतो. म्हणून हातात घेऊन तोलून बघायचा, भाजीवाल्याकडे दोडका बघतात तसा. प्रमाणित असल्याचा शिक्का हवा. पांढरा नको, कारण पांढऱ्या भिंतीवर विसरतो. दुकानदारानं सांगितलं की एकच फोन लावला तर गोल तोंडातून भराभर चार्ज होतो, दोन्ही तोंडं भरली की वेग वाटला जातो. ह्यांनी विचारलं, समान वाटला जातो का? दुकानदार म्हणाला, नाही, गोल तोंडाला थोडा जास्त. थोरल्या मुलाला शेत जास्त गेल्यासारखे हे गंभीर झाले आणि विचार करायला घरी आले.

शेवटी काळा, हलका, एक चपटं नि एक गोल तोंड असलेला चार्जर घरात आला. मी त्याला खुणेसाठी लाल दोरा बांधला. दृष्टच काढायची बाकी होती.

बडनेरा ते बोरी

आगगाडीत आमच्या सीटजवळचं सॉकेट इतकं सैल होतं की समोरच्या गृहस्थांचा चार्जर दोनदा निखळला, आणि त्यातलं एकदा माझ्या चहात. आमचा टिकून राहिला. ह्यांनी डब्यावरून अशी नजर फिरवली की मी खिडकीबाहेर बघणंच बरं समजलं.

बडनेऱ्याला उतरून एसटीनं यवतमाळ गाठलं. वाटेत सागाची झाडं उघडीबोडकी उभी, जमीन काळी आणि भेगाळलेली, आणि ऊन असं की सावलीलासुद्धा सावलीची गरज वाटावी. आम्ही नाशिककर उन्हाळ्याला उन्हाळा म्हणतो ती नुसती हौस आहे, हे मला तिथं कळलं.

यवतमाळहून बोरीच्या गाडीत शेजारी एक बाई बसल्या. जवळच्याच तांड्यावरच्या, आणि मांडीवर काकड्यांची टोपली. कोठचे, कुठं, कोणाकडे, ही चौकशी गाडी स्टँडातून निघायच्या आत पूर्ण झाली. नातं काय म्हणून विचारलं तेव्हा मी सांगितलं, मुलगी आमची भाडेकरू.

“भाडेकऱ्याच्या लग्नाले कोणी इतक्या दूर येते का, बाई?” असं म्हणून त्यांनी एक काकडी मोडून मीठ लावून आम्हा दोघांना दिली. मग मागच्या सीटवरच्या बाईशी त्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काही बोलल्या आणि दोघी हसल्या. काय म्हणालात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, माणसं चांगली दिसतात, पण त्या बुवानं मघापासून मुठीत काय धरून ठेवलं आहे?

बुवानं अर्थातच चार्जर धरला होता. पिशवीत चेंगरेल म्हणून.

बोरी अरब

प्रणालीच्या घरी पोचलो आणि दारातच मला वाटलं, भांडण चाललंय. भांडण नव्हतं. त्या घरात सगळे तसेच बोलतात. मीठ दे, पाणी ठेव, पाहुणे आले, सगळं वरच्या पट्टीत. त्यामागचं कारण मग कळलं. प्रणालीचे वडील, वामनराव, दिग्रसच्या जिनिंगमध्ये जन्मभर राबले. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या घरघरीत उभं राहून राहून त्यांचे कान गेले. प्रणाली बोलायला शिकली तेव्हापासून बापाशी ओरडूनच बोललेली. मी बालवाडीच्या बाईच्या तोऱ्यात रोज जिन्याखालून काय सांगत होते, ते आठवून मला कसंसंच झालं.

वामनराव सडपातळ, हसरे, दोन्ही हात जोडून उभे. ह्यांनी त्यांना चार्जर दाखवला. हलका का घेतला, चपटं तोंड का घेतलं, वेग कसा वाटला जातो, सगळं सांगितलं. वामनराव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, मधूनच भुवया उंचावत होते. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, इतका जाणकार माणूस नाशकात भेटला नाही.

प्रणालीच्या आत्या, कमलाबाई, तिथंच शेवया निवडत होत्या. आई नसलेल्या त्या घराचा सगळा भार त्यांच्यावर. त्या वर न बघता म्हणाल्या, “त्याले काई ऐकू नाई आलं, भाऊ. तो अशीच मान हालवते.”

पुढं वामनरावांनीच आम्हाला एक गोष्ट दाखवली. कपाटात नवं धोतर, नवा फेटा, आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक छोटीशी डबी. आत कानाची दोन यंत्रं. प्रणालीनं आपल्या पगारातून घेऊन दिलेली. तिला रजा नव्हती, म्हणून आत्यांनी त्यांना यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी कानात घालून दाखवलं, रोज वापरा म्हणून सांगितलं. वामनरावांनी तिथल्या तिथं ती काढून डबीत ठेवली आणि घरी आणून कपाटात. नवी वस्तू या घरात प्रसंगाशिवाय अंगाला लागत नाही. नवं लुगडं असो, नवी चप्पल असो, लग्नातच निघायची.

“पोरीनं घेऊन देलं,” ते आम्हाला मोठ्यांदा सांगत होते. “लगनातच घालतो. पह्यले तिचं लगन ऐकीन, मंग बाकीचं.”

कपाट बंद करताना त्यांनी डबी पुन्हा फेट्याच्या घडीत सरकवली. लहान मुलं नवी पाटी अशी ठेवतात.

संध्याकाळी अंगणात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. नाशिकच्या मिसळीवर वाढलेल्या माणसासमोर तिखटाच्या गोष्टी कोणी करू नयेत, असा माझा समज होता. तो त्या वांग्यानं पहिल्या घासात मोडला. ह्यांनी तर ठेचा हिरवी चटणी समजून घेतला आणि नंतर बराच वेळ ते चार्जरबद्दलही बोलले नाहीत. आत्या त्यांना गूळ देत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या.

जेवणं उरकतायत तोच वारा सुटला. धूळ उठली, मांडवाचं एक टोक उडालं, कुठंतरी खांब पडला आणि अख्खं गाव अंधारात गेलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. लाईन येईल, म्हणाले. लाईन आली नाही.

लग्नाचा दिवस

सकाळी जनरेटर आला. त्यावर मांडवातले कूलर आणि गुरुजींचा भोंगा चालायचा होता. नवरदेवाकडची मंडळी मारेगावहून येऊन शाळेत उतरली होती. तो त्यांचा जानवसा. जनरेटरवाल्यानं तिकडे एक वायर ओढून एक सॉकेट दिलं आणि बजावलं की याच्यावर दुसरं काही मागाल तर कूलर बंद करीन. नवरदेवाच्या एका चुलतभावानं त्यात आपला चार्जर लावला. चर्र आवाज आला, वास आला, आणि तो चार्जर निवर्तला.

आत्या धावत आमच्याकडे आल्या. इवायांच्या माणसांच्या मोबाईलमध्ये जीव नाही, वरातीचे फोटो कोण काढेल, तुमचं ते यंत्र द्या. इवाई म्हणजे व्याही, आणि लग्नाच्या दिवशी व्याह्यांना नाही म्हणायची सोय नसते. ह्यांनी चार्जर दिला, पण सोबत स्वतःही गेले. त्या थरथरत्या विजेवर तो टिकला. मग हे सॉकेटखाली पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन राखणीला बसले.

गोल तोंड अर्थात नवरदेवाच्या मामांना मिळालं. हे मामा म्हणजे पांढरी सफारी, पिळलेल्या मिशा, आणि मानपानाला भलतेच कडक. चपटं तोंड नवरीच्या चुलतभावाला दिलं. सगळं ठीक होतं. पण मामांनी फोन पाहिला आणि विचारलं, आतापर्यंत जलद चार्जिंग म्हणून लिहून येत होतं, आता काहून नाही येत?

इथं शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. ह्यांनी समजावून सांगितलं की दोन्ही तोंडं भरली की वेग वाटला जातो.

“म्हणजे नवरीवाल्यायनं आमचा वेग काढून घेतला,” मामा म्हणाले.

हे प्रामाणिक माणूस. तांत्रिकदृष्ट्या तसं म्हणता येईल, असं म्हणाले.

झालं. पाय धुवायला पाणी उशिरा आलं ते चाललं होतं, चहात साखर कमी होती तेही पोटात घातलं होतं, पण वेग काढून घेणं म्हणजे फारच. चुलतभावाचा फोन बाहेर निघाला. चपट्या तोंडात आता मुहूर्तापर्यंत कोणी काही घालायचं नाही असं ठरलं आणि मामांनी त्यावर आपला रुमाल टाकला, एसटीत जागा धरतात तसा. इकडे मांडवात नवरीकडचे फुगून बसले. सॉकेट आमच्या गावचं, चार्जर आमच्या पाहुण्यांचा, आणि रुमाल यांचा.

मला हे सगळं ऐकून हसू येत होतं. ते हसू फार टिकलं नाही.

घरात वामनरावांची तयारी झाली होती. नवं धोतर, नवा फेटा. ते देवापुढं बसले, डबी उघडली, यंत्रांना हळदीकुंकू लावायला निघालेल्या आत्यांना प्रणालीनं कसंबसं आवरलं, आणि त्यांनी दोन्ही यंत्रं कानात घातली. घर प्रथमच चिडीचूप. प्रणाली हळदीच्या पिवळ्या हातांनी समोर बसली आणि सवयीनं ओरडली, “बाबा, येते का ऐकू?”

वामनरावांनी मान डोलवली.

पण बापाची मान पोर ओळखून होती. तिनं डबी उचलली, उलटी केली, बारीक दिवा शोधला. यंत्रं त्या डबीतच ठेवून चार्ज करायची होती, आणि दिवा लागत नव्हता. यंत्रं आणल्यापासून एकदाही चार्ज केलेली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. पण यंत्रं काढून ठेवलेल्या, ऐकू न येणाऱ्या माणसाला ती कशी वापरायची ते तोंडी सांगितलं, आणि तो मान डोलवून घरी आला. आत्या तेव्हा बाहेर बसलेल्या.

प्रणालीच्या चेहऱ्यावरून वामनरावांना कळलं. त्यांनी यंत्रं काढून डबीत ठेवली आणि म्हणाले, “जाऊ दे. इतके वर्स नाई ऐकलं, आजही नाई ऐकलं तं काय होते.” आणि फेटा नीट करायच्या निमित्तानं भिंतीकडे तोंड फिरवलं. फेटा नीटच होता. मला ते बघवेना. मी डबी आणि तिच्यासोबतची वायर उचलली आणि जानवशाकडे निघाले. भोंग्यावरून गुरुजींनी नवरदेवाला लवकर आणायचा पुकारा सुरू केला होता.

जानवशात मामा रुमालाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना सरळ सगळं सांगितलं. मुलीनं काय घेऊन दिलं, बापानं ते कशासाठी राखून ठेवलं, आणि आता काय झालंय. भांडायची तयारी करूनच गेले होते.

मामांनी डबी हातात घेतली, उघडून बघितली.

“इवायाले लगन ऐकू नाई येनार?” एवढंच त्यांनी विचारलं. मग आपला रुमाल उचलून खिशात घातला आणि स्वतःचा फोनही काढून घेतला. “दोन्ही तोंडं त्यालेच द्या.”

डबीच्या वायरीचं टोक चपटं होतं. जुनं. माझ्या आवडीचा चार्जर आणला असता तर ते त्यात गेलंच नसतं. ह्यांनी वायर लावली, डबीवर लाल दिवा लागला, आणि त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. बोलले काही नाहीत. आमच्या संसारातला त्यांचा हा सगळ्यात मोठा संयम म्हणून मी नोंदवून ठेवला आहे.

किती टाइम लागते, मामांनी विचारलं. पूर्ण नाही, पण लग्नापुरतं व्हायला तासभर तरी, हे म्हणाले. मी म्हटलं, मुहूर्त तर आलाच. त्यावर मामांनी मिशीला पीळ दिला.

“मुहूर्ताचं टेन्शन तुमी नोका घेऊ, बाई. नवरदेव मांडवात गेल्याबिगर कोणाचं लगन लागते?”

आणि वरात निघाली.

वऱ्हाडातल्या वराती लांबतात हे ऐकून होते. नवरीकडच्यांनी हातापाया पडायचं, नवरदेवाकडच्यांनी नाचणं थांबवायचं नाही, ही रीत. शाळेपासून मांडव हाकेच्या अंतरावर. तेवढं अंतर कापायला त्या वरातीनं जो वेळ लावला, त्यात बैलगाडी दारव्ह्याला जाऊन आली असती. डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि मामा सर्वांत पुढं. तो जागा धरणारा रुमाल आता दातांत, आणि सफारीतला नागीण डान्स. गुरुजी भोंग्यावरून ओरडले की मामा हात हलवून ‘आलोच’ म्हणायचे आणि दोन पावलं मागं जायचे. बँडवाले थकले, मामा थकले नाहीत. घोड्यावरच्या नवरदेवाला कारण सांगितलेलं. तोही बिचारा घामानं भिजत हसत होता.

नवरीकडून उलटाच निरोप आला. आत्यांनी मठ्ठ्याच्या कळशा वाटेवर पाठवल्या आणि स्वतः दारात उभ्या राहून म्हणाल्या, “नाचा बापू, घाई नोका करू.” बोरीत आजवर कोणत्याच नवरीकडच्या बाईनं हे वाक्य उच्चारलं नसेल.

आणि आमचे हे, जे लग्नाच्या मुहूर्ताला अर्धं मिनिट उशीर झाला तर घड्याळ ठोकून बघतात, ते शाळेच्या खिडकीतून मामांना तळहातानं खुणा करत होते, अजून, अजून. दुसऱ्या हाताचा अंगठा चार्जरवर. इतकं संशोधन करून घेतलेला तो हलका चार्जर त्या बिलंदर सॉकेटात शेवटी दाबूनच धरावा लागला, हे मी फक्त सांगून ठेवते.

मामांचा तो नाच कोणाच्याही मोबाईलमध्ये नाही. मामांचा तेवढा जिवंत, तो त्यांच्याच खिशात नाचत होता; बाकी सगळ्यांचे फोन मेलेले होते.

डबीवरचा दिवा हिरवा काही झाला नाही, पण ह्यांना पुरेसा वाटला तेव्हा ते डबी दोन्ही हातांत धरून मांडवात आले. प्रसाद आणतात तसे. वामनरावांनी यंत्रं कानात घातली आणि एकदम दचकले. पाठीमागंच बँड होता. मग त्यांनी हळूहळू मांडवभर बघितलं, प्रत्येक आवाजाकडे वळून. बांगड्या, पत्रावळी, कूलर, कोणाचं तरी रडणारं लेकरू. मंगलाष्टकं सुरू झाली, तेव्हा ते अक्षता टाकायच्या विसरले. मुठीत धरून उभेच राहिले. गुरुजी बेसूर होते, हे आमचं मत. वामनरावांचं मत तसं दिसत नव्हतं.

जेवणात सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळून केलेल्या जाड शेवया, आणि आंब्याचा रस होता. आमचे वामनराव पंगतीत मामांच्या शेजारी बसले आणि मामांनी स्वतः त्यांना आग्रह केला, दोनदा, मुद्दाम बारीक आवाजात.

उन्हं उतरली आणि पाठवणीची वेळ झाली. प्रणाली सकाळपासून रडली नव्हती. आत्या रडल्या, मी रडले, हे चष्मा पुसत राहिले, ती मात्र कोरडी. गाडीत बसायच्या आधी ती बापापुढं उभी राहिली. आणि जन्मभराच्या सवयीनं अशी ओरडली, की गाडीच्या पलीकडचा बँडवालासुद्धा वळला, “बाबा, टाइमावर जेवत जा! गोळ्या विसरू नोका!”

वामनरावांनी कानावर हात ठेवला. हसले. आणि मी जिन्याखालून तिला रोज सांगायची तेच त्यांनी सांगितलं, पण माझ्यापेक्षा कितीतरी हलक्या आवाजात.

“हळू बोल, पोरी. मले ऐकू येऊन राह्यलं.”

तेव्हा ती रडली.